अस्वलांचे धुतलेले अंगरखे

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा भाषण लिहून आणून वाचायचा, तिथे भिवराबाई नावाची एक सायाळ राहायची. बाळांनो, सायाळ म्हणजे ती काटेवाली. पाठभर सुया, म्हणून तिने विणकाम धरलं. एक सुई हरवली की पाठीवरची दुसरी उपसायची.

तिचं बीळ होतं गवताच्या गंजीखाली. गंजी केवढी, तर हत्तीवर हत्ती उभा केला तरी वरच्याला मान वर करूनच बघावं लागेल. सगळ्या जंगलाचा उन्हाळ्याचा चारा तिथे रचलेला. आणि खाली बिळात भिवराबाईची तीन पिल्लं, अजून काटेसुद्धा कडक न झालेली.

भिवराबाईचं कापड जळायचंच नाही. पेटत्या चुलीत टाका, भाकरी भाजा, भाकरी खा, मग कापड काढा, झटका आणि खांद्यावर टाका. वाघमहाराजांनी तिच्याकडून सात अंगरखे विणून घेतले. जंगलात आग विझवायला सात अस्वलं ठेवली होती, त्यांच्यासाठी. त्यांचे मुकादम खंडेराव अस्वल.

मग थंडी पडली. हवा कोरडीठाक झाली आणि अंगरखे बोलायला लागले.

अस्वल चाललं की चट. बसलं की चटचट. खंडेरावांनी सशाशी हात मिळवला, तर ससा झाडाच्या फांदीपर्यंत उडाला. खाली आला तेव्हा कान ताठ. दोन दिवस कानांना दगड बांधून हिंडला, तेव्हा कुठे ते पडले.

हसण्यावारी गेलं असतं हो. पण अस्वलं कुठली तरी आग विझवून यायची, गंजीजवळ उभी राहून अंगरखे काढायची. कापड केसांना घासलं की ठिणगी. ठिणगी पडली की गवताची काडी पेटली. की लगेच अंगरखे घालून पळापळ. आठवड्यात एकवीस आगी विझवल्या. जंगलभर वाहवा झाली. भिवराबाईच्या बिळात मात्र धूर कोंडायचा आणि पिल्लं खोकून बेजार व्हायची.

"खंडेराव, ठिणगी तुमच्याच अंगातून निघते," भिवराबाई म्हणाली.

"बाई, आम्ही आग विझवतो, लावत नाही," खंडेराव रुबाबात म्हणाले आणि चटचटत निघून गेले.

भिवराबाई घरी येऊन चुलीपाशी बसली. भांडं उतरवायला तिने फडकं घेतलं. फडकं त्याच कापडाचं, पण दहा वर्षांची काजळी खाऊन काळंकुट्ट झालेलं. तिने ते पाठीवर घासलं, पोटावर घासलं. चट नाही की चुट नाही.

मग काय. तिने काजळी खरवडली, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलली आणि एका अंगरख्याला दोन हात दिले. सावलीत वाळवला. माकडाने कुणा प्रवाशाची टॉर्च पळवली होती, तिचे सेल, तारा आणि दिवा मागून घेतला. तारांच्या मध्ये पांढऱ्या अंगरख्याची बाही धरली. दिवा ढिम्म. काळ्या अंगरख्याची बाही धरली, तर दिवा लख्ख.

"आक्का, काळ्या बाहीतून वीज चालली की," माकड म्हणालं.

"चालू दे. पांढऱ्यावर तिला वाट मिळत नाही, म्हणून अडून बसते आणि मग चिडते. वाट दिली की अस्वलाच्या पायातून निमूट जमिनीत जाते."

तिने सातही अंगरखे काळे केले. पंधरा दिवस एक ठिणगी उडाली नाही. पिल्लांचा खोकला गेला. ससा आपणहून हात मिळवायला आला, फक्त दुसऱ्या हाताने कान धरून.

एवढ्यात वाघमहाराजांनी अस्वलांचा सत्कार ठरवला. एकवीस आगी विझवल्या म्हणून. जागा गंजीसमोरची, कारण तिथे सावली. सत्कार समितीचे चिटणीस कोल्हेसाहेब अंगरखे बघायला आले आणि त्यांनी नाकाला शेपटी लावली.

"हे काय? काळं घालायचं ते संक्रांतीला. संक्रांत होऊन महिना झाला."

"साहेब, तो मळ नाही. काम तोच करतो," भिवराबाई म्हणाली.

"आमच्या सासूबाईही तव्याबद्दल असंच म्हणायच्या."

झालं. हत्तीने नदीवर रिठे घालून अंगरखे आपटले, घासले, पिळले. नदी काळी आणि अंगरखे दुधासारखे.

भिवराबाईने ते वाळत घातलेले पाहिले आणि वाद घातला नाही. बिळात गेली. एकेका पिल्लाला मानेला धरून नदीपलीकडच्या खडकावर नेऊन ठेवलं.

तिसरं पिल्लू म्हणालं, "आई, इथून सत्कार दिसेल?"

"चांगला दिसेल," भिवराबाई म्हणाली.

सत्काराला खंडेराव लोकरीच्या आसनावर बसले. महाराजांनी अकरा पानांचं भाषण वाचलं. एकेका पानाला खंडेराव चुळबुळले, एकेका चुळबुळीला अंगरखा आसनावर घासला. मग महाराज तांब्याचं पदक घालायला पुढे वाकले.

चटाक.

महाराजांच्या फेट्याला वाळल्या गवताचा तुरा होता. तो पेटला. महाराजांनी फेटा उपटून भिरकावला, तो थेट गंजीवर.

अस्वलांनी आग विझवली, झकास विझवली. पण अर्धी गंजी गेली आणि भिवराबाईचं बीळ खचलं.

चौकशी कोल्हेसाहेबांनी केली. म्हणाले, सगळ्यांनी पंजे दाखवा. सगळ्यांचे स्वच्छ. भिवराबाईचे कोपरापर्यंत काळे.

"आग लागलेल्या ठिकाणी काळे हात एकटीचेच," कोल्हेसाहेब म्हणाले. शिक्षा झाली, सात नवे अंगरखे. पांढरेशुभ्र.

भिवराबाईने विणले. बाहेरून पांढरेशुभ्र. आतून, दार लावून, काजळीचे दोन हात. अस्वल मुळातच काळं, आतून काळं लागलं तर कळतंय कुणाला?

वर्ष गेलं. ठिणगी नाही, आग नाही. गंजी पुन्हा उंच झाली, खाली नवं बीळ झालं, पिल्लांचे काटे कडक झाले.

मग सत्कार समिती बसली.

"यंदा आगी किती विझवल्या?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

खंडेराव पायाकडे बघत म्हणाले, "एकही नाही."

"मग वर्षभर केलंत काय?" म्हणून पदक काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेराव भिवराबाईच्या दारात उभे. अंगरखा काखेत, आवाज बारीक.

"बाई, आतलं मला ठाऊक आहे. एकच अंगरखा धुऊन घेऊ का? फार नको. वर्षाला एक आग पुरे."

भिवराबाईने सुईत दोरा ओवला. "घ्या की धुऊन," ती म्हणाली. "फक्त घालायचा आणि काढायचा तो कोल्हेसाहेबांच्या दारात."

तात्पर्य: बाळांनो, अंगरखा नेहमी स्वच्छ धुवावा. आग लागलीच नाही, तर विझवणाऱ्याच्या गळ्यात हार कोण घालणार?