नऊ नग आणि मी

गाडी घ्यायची असं घरात ठरलं, तेव्हा मी फक्त एवढंच म्हणालो होतो, "बाकी सगळं तुम्ही बघा, डिकी मात्र मी बघणार." बायकोने आणि मुलीने एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही 'बरं' म्हणाल्या. त्याच वेळी कुणी माझं तोंड दाबलं असतं, तर आज ही हकीकत सांगायची वेळ आली नसती.

गाडी हवी होती ती मुलीसाठी. तिला दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. राहायला हॉस्टेल, आणि अंतर गाडीने पाच तासांचं. एकुलती एक मुलगी, अठरा वर्षांत आम्हाला सोडून कुठे चार दिवस राहिलेली नाही. "बाबा, तुम्ही दोघंही मला सोडायला याल ना? आपण तिघं गप्पा मारत जाऊ," असं ती म्हणाली होती. मी तिथल्या तिथे शब्द दिला, की तुला आपल्या स्वतःच्या गाडीतून सोडणार. (गाडी चालवणार बायको. ती शाळेची व्हॅन चालवते, अकरा वर्षांत एक ओरखडा नाही. मी लायसन्सच्या परीक्षेला दोनदा बसलो. दुसऱ्या वेळी परीक्षकच मध्येच 'मी इथे उतरतो' म्हणाले.)

आता डिकीचंच खूळ का, तर मी एका गोदामात जावक कारकून आहे. कुठल्या टेम्पोत किती खोकी बसतील, कुठलं खाली, कुठलं आडवं, हे बावीस वर्षं मीच सांगतो. मला माणसं पटकन ओळखता येत नाहीत, पण खोकं लांबून बघितलं तरी ते कुठे बसेल ते कळतं. आणि या गाड्यांच्या कंपन्या डिकीचं माप देतात लिटरमध्ये! दोनशे साठ लिटर, तीनशे लिटर. अहो, मी काय डिकीत दूध ओतणार आहे? सूटकेसला कोपरे असतात, बादलीला कान असतात. लिटरला काय असतं?

म्हणून मी मुलीचं सगळं सामान आधी एकत्र केलं. दोन बॅगा, पुस्तकांची दोन खोकी, गादीची वळकटी, बादली, टेबललॅम्प, खुर्ची आणि एक किरकोळ वस्तूंचं गाठोडं. एकूण नग नऊ. मग प्रत्येक नगाच्या मापाचं एकेक रिकामं खोकं गोदामातल्या पुठ्ठ्याचं तयार केलं आणि त्यावर नंबर टाकले. वळकटी जास्तीत जास्त किती आवळता येते हे बघायला मी मुलगी झोपलेली असताना तिच्याखालची गादी ओढली होती. त्यावरून दोन दिवस अबोला झाला, ते सोडा.

ही नऊ खोकी एकात एक बसवून मी बसने पहिल्या शोरूमला गेलो. दारावरच्या वॉचमनने मला अडवलं.

"पार्सल मागच्या दाराने."

"मी गिऱ्हाईक आहे."

"मग खोक्यांत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"रिकामी आहेत. ती गाडीत भरायची आहेत."

त्याने आत जाऊन मॅनेजरला बोलावून आणलं. मॅनेजर भला माणूस. त्याने मला लाल गाडीजवळ नेलं, दार उघडलं आणि म्हणाला, "बसून बघा ना साहेब. चालवून बघता?"

"नको. डिकी उघडा."

लाल गाडी कागदावर सगळ्यांत मोठी, पण डिकीचं तोंड एवढं अरुंद की चार नंबरचं खोकं (खुर्ची) आत जाईना. दुसऱ्या शोरूमची पांढरी गाडी बाहेरून ऐसपैस, आत दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे असे पुढे आलेले की सहा नग गेले आणि तीन माझ्याकडे बघत जमिनीवर राहिले. तिसरी करड्या रंगाची. लिटरच्या हिशेबात सगळ्यांत शेवटची. पण तिच्या मागच्या सीटचा एका बाजूचा भाग तेवढा आडवा पाडला, तर नऊच्या नऊ खोकी आत! मी टाळी वाजवली. शोरूममधली दोन गिऱ्हाइकं बघायला आली, तेव्हा मी त्यांना कंपनीचे लिटर आणि खरी जागा यांवर पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यांतला एक जण गाडी न घेताच घरी गेला.

या सगळ्यात सहा आठवडे गेले, कारण मी प्रत्येक गाडी दोन-दोनदा मोजली. मनाला आज सगळ्यांत जास्त लागतं ते हेच. त्या सहा आठवड्यांत मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, जरा चालायला येता?" आणि मी म्हणायचो, "आज नको गं, आज पांढरी पुन्हा मोजायची आहे." हळूहळू तिने विचारणं सोडलं. मला ते कळलंसुद्धा नाही. बायको एकदा म्हणाली, "अहो, गाडीत बसूनही बघायचं असतं." मी म्हणालो, "बसणं काय, कुठल्याही गाडीत जमतं." उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

शेवटी करडी गाडी नोंदवायला गेलो, तर विक्रेता म्हणाला, "हे वरचं मॉडेल, साहेब. याला दोन महिने थांबावं लागेल." मुलीला जायला उरले होते नऊ दिवस.

"खालचं मॉडेल मात्र आज तयार आहे," तो म्हणाला.

"डिकी?"

"तीच."

"नक्की?"

"एक लिटरचासुद्धा फरक नाही."

मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा तेच सांगितलं. तो खोटं बोलला नाही. मी जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं.

निघायच्या दिवशी पहाटे उठून मी सामान खाली आणलं. डिकी उघडली, मागच्या सीटचा खटका ओढला. तर सीटचा एक भाग नाही, अख्खी सीट धाडकन आडवी झाली. मी ती उभी केली, दुसऱ्या बाजूचा खटका ओढला. पुन्हा अख्खी सीट.

"खालच्या मॉडेलची सीट एकसंध असते," बायको शांतपणे म्हणाली. व्हॅनवाली ती, तिला एका नजरेत कळलं. "एक तर सगळी उभी, नाही तर सगळी आडवी."

मी हिशेब केला. सीट उभी ठेवली तर पाच नग बसतात आणि माणसं तीन. सीट आडवी केली तर नऊ नग बसतात आणि माणसं दोन. एक चालवायला, एक तिच्याशेजारी. माझ्या नऊ खोक्यांत दहावं खोकं माझ्या मापाचं करायचं राहूनच गेलं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, चार नग राहू देत. आई पुढच्या महिन्यात आणून देईल. तुम्ही चला."

इथे 'बरं' म्हणायचं होतं. एवढा छोटा शब्द. पण तोवर मी सीट आडवी करून नऊच्या नऊ नग रचले होते, आणि ते असे बसले होते की मध्ये पोस्टकार्ड शिरलं नसतं. बावीस वर्षांत इतकं सुरेख काम माझ्या हातून झालं नव्हतं. मी म्हणालो, "आता काही काढू नका. हे असं पुन्हा बसणार नाही. मी मागून बसने येतो."

मुलगी पुढे बसली, तिने काच खाली केली आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मी हात हलवायच्या ऐवजी मागचं दार नीट लागलंय का ते बघत होतो.

माझी बस वाटेत दोनदा बंद पडली. वरातीमागून घोडं म्हणतात तसा मी हॉस्टेलच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पालकांना आत सोडायची वेळ चारपर्यंत. आजची शेवटची गाठ, असं मुलीने वॉचमनला तीनदा सांगून पाहिलं, म्हणे. नियम म्हणजे नियम. मला फोन आला, "बाबा, वर बघा. तिसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी." तिथे एक एवढासा हात हलत होता.

"झाला का गं प्रवास नीट?" मी विचारलं.

"हो. तुम्ही हवे होतात, बाबा. आई आणि मी वाटेत चहाला थांबलो, पण दोघींनाही बोलायला सुचेना." मग बापाला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "पण सामान अगदी छान पोचलं हं. कशाला काही धक्का लागला नाही."

मी 'हो का' म्हणालो.

बायको फाटकाबाहेर गाडीजवळ उभी होती. गाडी गच्च भरलेली! हॉस्टेलमध्ये प्रत्येकीला खाट, गादी, खुर्ची, दिवा, बादली सगळं मिळतं, आणि बाहेरून आणायला परवानगी फक्त दोन नगांची. बाकीचे सात परत. त्यात वॉचमनने तपासणीसाठी वळकटीची दोरी कापली होती. ती गादी एकदा फुगली ती फुगलीच. बायकोने ती पुढच्या सीटवर माणसासारखी बसवली होती आणि वर तिला बेल्टही लावला होता.

"बेल्ट कशाला?"

"नाही तर गाडी पीं पीं करते. तिला वाटतं, कुणीतरी बसलंय."

मी बाह्या सरसावल्या आणि अर्धा तास त्या गादीशी कुस्ती केली. ती एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर यायची. शेवटी बायको म्हणाली, "सोडा आता. उद्या सकाळी सहाला मला व्हॅन काढायची आहे." ती गाडीत बसली, आरसा नीट केला, आणि दोघी, म्हणजे ती आणि गादी, निघून गेल्या. मी पुन्हा बसस्टँडवर.

घरी पोचलो तेव्हा बायको जेवून, आवरून बसली होती. माझं ताट झाकून ठेवलं होतं. दिवसभराचा पश्चात्ताप जरा तरी हलका व्हावा म्हणून मी समोर बसलो आणि म्हणालो, "मी चुकलो गं. इतका लांबचा रस्ता, तुला एकटीला यावं लागलं. फार जड गेलं का?"

तिने खरंच थोडा विचार केला.

"जाताना गेलं," ती म्हणाली. "येताना नाही. गादी बरी होती. अख्ख्या रस्त्यात एकदाही म्हणाली नाही की गाडी हळू चालव, गाडी वळव, डिकी लागली आहे का ते बघ."