आत्याचं आधार आदल्या दिवशीच निघालं

नागपूर ते पुणे, सरळ रेषेत सहाशे वीस किलोमीटर. विमानाने सव्वा तास. मला झोपेतून उठवून विचारा! अंतर आणि वेळ यांत माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या महाल भागात कोणी नाही, असं माझं स्वतःबद्दल अगदी प्रामाणिक मत होतं.

म्हणून त्या शुक्रवारी यमुताई, म्हणजे माझी आत्या, सकाळपासून "निघू गा, श्रीधर" करत होती, तरी मी पेपर वाचत बसलो. घर ते विमानतळ पंचवीस मिनिटं! लवकर जाऊन तिथल्या खुर्च्या कशाला झिजवायच्या? पण आत्याला धीर नव्हता. संध्याकाळी पाचला पुण्यात तिच्या नातीचं, मुग्धाचं, डोहाळजेवण होतं. पहिली ओटी आजीनेच भरायची, असं पोरीने बजावलं होतं. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर आणि विमान पहिलंच!

विमान सुटायला तासभर असताना आम्ही विमानतळाच्या दारात पोचलो. जवानाने ओळखपत्र मागितलं.

"आत्या, आधार काढ."

"ते तर कालच निघालं!"

"कुठे?"

"आज शुक्रवार. पश्चिमेले दिशाशूल असते. म्हणून काल शेजारच्या सिंधूताईकडे प्रस्थान ठेवलं ना मी!"

त्या दिशेला जायला दिवस वाईट असला की आपली एखादी वस्तू आदल्या दिवशी शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण तेव्हाच निघालो असं धरतात. जाताना ती उचलायची. पण लोक सुपारी ठेवतात हो!

"आधार काहून ठेवलं?"

"त्याच्यावर माया फोटो असते. सुपारीले कोण ओळखते? सकाळी उचलाले गेली तर दाराले कुलूप. तुले सांगाले आली, तर तू पेपर वाचून राहिला. म्हणे, मधे बोलू नको!"

मी माझं पाकीट उघडलं. आधारचा कप्पा रिकामा!

"तुयंही ठेवलं बा. एकटीचंच ठेवाले मी काय आपमतलबी आहो?"

मी सिंधूताईंना फोन लावला. "ती आधारची पिशवी ना? कपाटात कुलपात ठेवली हो! किल्ली माझ्याच कमरेला आहे. आम्ही रामटेकला आलोत दर्शनाला!"

रामटेकला जाऊन यायला तीन तास. तेवढ्यात विमान पुण्याला पोचलंसुद्धा असतं!

आत्याने शांतपणे हातातल्या पिशवीतून फोन काढला, चष्मा चढवला, चार आकडे दाबले आणि पडदा जवानासमोर धरला. त्यावर तिचं आधार, फोटोसकट!

"मुग्धानं शिकवलं," ती म्हणाली. "आता तुयं दाखव."

काय बाई आहे! मला तिचा इतका अभिमान वाटला की क्षणभर माझी अडचणच विसरलो. आधारचं ते ॲप मी तिथेच माझ्या फोनवर उतरवलं. ओटीपी गेला तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या नंबरवर. लायसन्स महालात, स्कूटरच्या डिक्कीत. पंचवीस मिनिटं जायला, पंचवीस यायला. तोवर दार बंद!

"मग मी निघतो गा," आत्या म्हणाली आणि गेली. मागे वळूनही पाहिलं नाही, अपशकुन होतो म्हणून.

साडेपाचला फोन आला. "भरली ओटी! पोरगी रडली गा. अन् विमानात शेजारच्या साहेबाले पट्टा लावता येईना, मीच लावून देल्ला."

मी बस स्टँडवर होतो. "आत्या, मी बसनं निघतो. उद्या सकाळी..."

"राहू दे. तू आता बारशालेच ये," आत्या मायेने म्हणाली. "पण आजच निघ!"