चाळीस मिनिटांत लग्न

दिग्रसमध्ये लग्नाची शूटिंग करणारे आम्ही नऊ जण आहोत, पण त्या उन्हाळ्यात खरा राजा एकच होता. मी! तीन तासांचं फोर-के लग्न चाळीस मिनिटांत तयार करून हातात देणारा दुसरा कोणी तालुक्यात असेल, तर त्यानं समोर यावं. चहा पाजीन. पण आधी माझी हकिगत ऐकावी लागेल.

मी इंद्रजित. बसस्टँडच्या मागे 'मोनाली डिजिटल' हे दुकान माझं. मोनाली म्हणजे माझी बायको. दुकानाला तिचं नाव दिलं तेव्हा ती लाजेल, हसेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे काम बिघडलं का लोकं माया नावानं बोंबलतीन!"

ते वर्ष बोंडअळीचं होतं. कपाशी दिसायला हिरवीगार, आणि बोंड फोडलं की आत अळी आरामात बसलेली! लोकांनी लग्नं मे महिन्यावर ढकलली, तीन गोड पदार्थांवरून एकावर आले, वरातीचा घोडा रद्द केला, बँडमधले चार वाजवणारे कमी केले. पण शूटिंगमध्ये काटकसर? नाव नको! "फोर-केच पाहिजे! व्याह्याच्या टीव्हीवर सारं बारीक-बारीक दिसलं पाहिजे!" व्याह्याला सरपंचांच्या नाकावरचा घाम पाहून काय मिळणार होतं, कोण जाणे.

आता फोर-के म्हणजे चित्र चारपट मोठं, आणि माझा संगणक म्हातारा. सगळी कापाकापी झाली की अख्खं लग्न दाबून, आवळून एका फाइलीत भरावं लागतं. ते काम बिचारा प्रोसेसर एकटा करायचा. बटण दाबलं की पडद्यावर यायचं, 'उरलेला वेळ: एकसष्ट तास'. आतला पंखा असा घरघरायचा की गिऱ्हाइकं विचारायची, "मांगं गिरणी टाकली काय?"

यवतमाळला विक्की नावाचा माझा मित्र संगणक दुरुस्त करतो. त्यानं माझे डोळे उघडले.

"अबे, तू आचाऱ्यालेच वाढाले लावून राह्यला, आन पत्रावळ्या बी त्यालेच उचलाले लावून राह्यला! ग्राफिक्स कार्ड टाक. त्याच्यात येगळी चिप असते. व्हिडिओ आवळणं, एवढंच तिले येते. पण असं येते का, बस!"

कार्ड बसवलं. विक्कीनं सेटिंगमध्ये जाऊन 'हार्डवेअर एन्कोडिंग' समोर एक टिक मारली. एक टिक! एकसष्ट तासांची चाळीस मिनिटं झाली! मी तीनदा मोजून पाहिलं. चौथ्यांदा मोनालीला मोजायला बसवलं, तर ती म्हणाली, "वरण लागून राह्यलं तिकडे," आणि उठून गेली. मी मात्र त्याच संध्याकाळी दुकानावर नवी पाटी लावली: 'मांडव उतरण्याआधी लग्नाचा व्हिडिओ!'

पाटी पाहून पहिले आले मारोतराव. त्यांच्या सुरभीचं लग्न होतं. नवरदेव रजत, वर्धेचा, स्वभावानं गरीब. लग्न झकास लागलं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे तिचे मामा उकंडराव उभे होते, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून. उकंडराव यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायच्या कामावर. सुरभी त्यांच्याच घरी राहून चार वर्षं कॉलेजला शिकली. मामा म्हणजे तिचा जीव की प्राण!

आणि अहेराच्या वेळी घोळ झाला. मानाची पहिली टोपी मामाची. पण माइकवाल्यानं आधी एका पुढाऱ्याचं नाव पुकारलं, आणि मामाला टोपी मिळाली दुसरी.

"माया नंबर दुसरा?" मामाजींनी टोपी खुर्चीवर ठेवली. "चार वर्षं पोरगी कोणं सांभाळली? त्या पुढाऱ्यानं?"

आणि न जेवता मामाजी एसटीत बसून चालते झाले!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो, तर मारोतराव दारात. डोळे लाल.

"इंद्रजित, त्या उकंड्याले पिच्चरमधून काढ!"

"कुठून कुठून काढू, काका?"

"साऱ्यातून! एकाही जागी त्याचं तोंड नाई दिसलं पाहिजे! माया मांडवातून उपाशी जाते म्हंजे काय?"

आमच्याकडे हा रिवाजच आहे म्हणा ना. लग्नात कोणीतरी रुसतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला व्हिडिओतून काढायला सांगायला येतो. एरवी मी 'हो' म्हणून कामाला लागायचो. पण त्या दिवशी माझ्या अंगात कार्ड शिरलं होतं!

"बसा काका! चहा पेईपर्यंत काढतो!"

फोर-केची गंमत अशी की चित्रात जागा भरपूर. नको तो माणूस चौकटीबाहेर ढकलायचा, उरलेलं चित्र मोठं करायचं, कोणाला पत्ता लागत नाही. हळदीतून मामाजी गेले. वरातीतून गेले. मांडवाच्या दारातून गेले. मंगलाष्टकांशी मात्र मी अडलो. तोंड वरच्या वर कापलं गेलं, पण हात? ते नवरीच्या खांद्यांवर! हात कापायचे तर नवरीही जाणार!

"हात राहू दे," मारोतराव म्हणाले. "हातावर काय नाव लिहून हाये?"

टिक, बटण, चाळीस मिनिटं, पेन ड्राइव्ह हातात! मारोतरावांनी माझी पाठ थोपटली. दुपारी माझा दुसरा कॅमेरावाला भावसिंग आला. त्याला पुसदजवळच्या तांड्यावर लग्न होतं, आणि फोर-के म्हणजे मेमरी कार्डं आणि हार्ड डिस्क राक्षसासारखी भरतात. मी दोन्ही साफ करून त्याच्या हवाली केली. काम संपलेलं, गिऱ्हाईक खूश, मूळ शूटिंग सांभाळून काय लोणचं घालायचं होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"इंद्रजित!" मारोतरावांचा आवाज तुपात घोळलेला. "रुसवा निघाला! सुरभी सोता मामाच्या घरी जाऊन बसली. मामा चालतीन त मांडवपरतणीले माहेरी येईन, नाई त येत नाई म्हणे! आता सारे आले. चार वाजता समद्यायले व्हिडिओ दाखवाचा हाये. मामाजीले समोर बसवतो. तू तो जुनावाला घेऊन ये, मामावाला!"

मामावाला! मी भावसिंगला फोन लावला.

"भाऊ, त्या कार्डावर, डिस्कवर आता कायच नाई," तो आनंदानं ओरडला. मागे डफडं वाजत होतं. "आठ तासाचा नाच भरला! एकदम कडक!"

विक्की म्हणाला, पुसून वर नवं भरलं असेल तर त्याच्या बापालाही ते परत आणता येणार नाही.

मी खुर्चीत बसलो. मोनालीनं सगळं ऐकलं, आणि साडीचा पदर खोचत म्हणाली, "अकरा वर्षांत तुमाले किती लोकायनं सांगतलं, याले काढा, त्याले काढा?"

"असतील तीस-चाळीस."

"काढला कधी कोणाले?"

मी आठवू लागलो. एकालाही नाही! संगणक दोन-दोन दिवस घरघरत असायचा, तेवढ्यात रुसलेला माणूस घरी येऊन जेवून जायचा आणि फोन यायचा, 'राहू दे जसं हाये तसं.' लोक म्हणायचे, इंद्रजित मोठा समजदार! समजदार मी नव्हतोच, तो म्हातारा संगणक होता!

"आता जा, आन खरं सांगून टाका," मोनाली म्हणाली.

खरं सांगून टाका! मारोतरावांचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं. शिवाय पोरीनं स्वतः जाऊन जोडलेलं नातं मी एका वाक्यात तोडायचं? मामाजी दुसऱ्यांदा उठून गेले असते तर ते परत आलेच नसते. मग डोक्यात दिवा पेटला. मामाजींचं नवं शूटिंग करायचं! आशीर्वाद देताना, हसताना, मांडवाच्या खांबाला टेकून उभे. मध्ये मध्ये जोडायचं, आणि माझं कार्ड चाळीस मिनिटांत... वा रे वा!

कार्ड संगणकात, म्हणून अख्खा संगणक उचलून ऑटोत टाकला. मांडीवर पडदा, पायाशी डबा. दोन वाजता मारोतरावांच्या घरी हजर.

मामाजींना मी मांडवाखाली उभं केलं. "मामाजी, हात वर करा. आशीर्वाद द्या."

"त्या दिवशी दिला ना बावा. तवा तू काय झोपला होता?"

"हा स्पेशल हाये, मामाजी!"

बिचाऱ्यांनी मोकळ्या हवेला सात वेळा आशीर्वाद दिला. मी धावत आत आलो, जोडाजोड केली आणि तीन वाजता बटण दाबलं. कार्ड पळू लागलं! दहा टक्के, तीस टक्के, साठ टक्के! मी विमलताईंकडे, म्हणजे सुरभीच्या आईकडे, पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "टाकीतलं सरलं, थांब, मोटर लावतो."

दोन कूलर, एक फ्रीज, माझा संगणक, आणि आता मोटर. फट्! अख्खं घर बंद!

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. पन्नास पाहुणे एका सुरात "अरेऽऽ" म्हणाले. फ्यूज बांधून लाइट येईपर्यंत पावणेचार झाले. माझी फाइल सत्त्याऐंशी टक्क्यांवर मेली होती, आणि अर्धवट फाइल कोणत्याही टीव्हीवर चालत नाही. पुन्हा सुरुवातीपासून करायला वेळ नव्हता. शेवटी मारोतरावांना कोपऱ्यात नेऊन खरं सांगितलं, तर ते कपाळावर हात मारून कुजबुजले, "पेन ड्राइव्हवर जे हाये ते लाव. पह्यले दहा मिनिटं पाहून लोकं उठतीन."

कोणी उठलं नाही! मे महिन्यात कूलरसमोरून कोण उठतो?

मामाजी पहिल्या खुर्चीवर, डोक्यावर नवी कोरी मानाची टोपी, बाजूला सुरभी. हळद झाली. "मामाजी कुठी हायेत?" कोणीतरी विचारलं. वरात झाली. "मामाजी नाई दिसले?" सुरभी हळूच माझ्याकडे पाहू लागली. मग मंगलाष्टकं लागली, आणि फोर-केमध्ये, बारीक-बारीक, स्वच्छ दिसले दोन हात. डाव्या अंगठ्याचं नख काळं, बोटात तांब्याच्या दोन अंगठ्या. वर काहीच नाही. दोन हात, सदऱ्याची दोन बटणं, संपला माणूस!

"थांबव," मामाजी म्हणाले.

मी थांबवलं.

"हे हात माये हायेत."

"हो, मामाजी."

"मंग तोंड कुठी हाये?"

मारोतराव पंख्याकडे पाहू लागले. विमलताईंनी पदर तोंडाला लावला. सुरभीचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तिनं मामाजींची बाही घट्ट धरली. जे तोंडात आलं ते मी बोललो.

"मामाजी, नवी फॅशन हाये! नागपूरले आता असंच चालते. मामाचं तोंड नाई दाखवत. फक्त आधार दाखवते!"

मामाजींनी पडद्याकडे पाहिलं. मग बाही धरलेल्या सुरभीकडे पाहिलं.

"बराबर हाये," ते म्हणाले. "तोंड दाखवाले सारेच येतेत. पोरीच्या मांगं हात पाहिजे."

सुरभी त्यांच्या गळ्यात पडून रडली. विमलताई रडल्या. मारोतरावही रडले, अर्धे सुटकेनं, पण अर्धे खरे. मीसुद्धा रडलो, सांगायला लाज कसली! नंतर मामाजी सगळ्यांच्या पंगतीला बसून पोटभर जेवले. आठवड्याभरात दुकानात तीन जण आले, "आमाले तो हातवाला व्हिडिओ पाहिजे!"

म्हणजे सगळं छान झालं असं मी समजत होतो. दिवाळीनंतर उकंडरावमामा स्वतः दुकानात आले. त्यांच्या मुलाचं लग्न होतं.

"शूटिंग तुलेच देतो," ते खुर्ची ओढत म्हणाले. "एकच अट. आमच्या दाजीचं, मारोतरावचं, तोंड दिसलं नाई पाहिजे. फक्त हात."

"वा! म्हणजे ती फॅशन तुम्हाला आवडली, मामाजी?"

"फॅशन?" मामाजी हसले. "पोट्ट्या, तीस वर्षं झाले कापूस पारखून राह्यलो. गाडीत हात घातला का आतला कवडी, सडका कापूस समजते. तुयी थाप समजणार नाई? पोरगी बाजूले बसली होती म्हणून गिळली."

मी कान पकडले. "चुकलो, मामाजी. उद्याच्या उद्या करून देतो, तुम्ही म्हणाल तसं! चाळीस मिनिटं!"

"नाई!" मामाजी ताडकन म्हणाले. "घाई नोको करू. मारोतराव माणूस वाईट नाई. न जाणो, तवरिक माया राग गेला त त्याचं तोंड परत टाका लागन. मी सांगीन तवा तयार कर."

लग्न होऊन आता पाच महिने झाले. मामाजींचा राग अजून गेलेला नाही. मूळ शूटिंग तीन ठिकाणी जपून ठेवलंय, कार्ड थंड पडलंय, आणि मारोतराव दर दोन दिवसांनी दुकानात डोकावून विचारतात, "झाला का बे तो व्हिडिओ? मी कसा दिसून राह्यलो?"

तालुक्यातला सगळ्यात वेगवान माणूस मान खाली घालून सांगतो, "काका, संगणक काम करून राह्यला!"