दिसेल तेच बोलायचं

इंग्रजीतला वर्तमानकाळ कधी कुठला वापरायचा, हे अख्ख्या कचेरीत आपल्यालाच कळतं, अशी ग्रामरमास्तरांची पक्की समजूत होती. हे नाव सहकाऱ्यांनी वैतागून ठेवलेलं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. त्यात पत्रव्यवहार विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. "ती आपलीच!" असं ते बायकोला उठता-बसता ऐकवत.

बायकोची शिकवणीही चालू होती. "रोज घडतं ते साधं, आत्ता घडतंय ते चालू. दिसेल तेच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही." ती चुकली की पाहुण्यांदेखत दहादा म्हणायला लावत. ती निमूट म्हणायची.

एके दिवशी मास्तरांनी पाठ धरल्याचं कळवून रजा टाकली आणि स्टुलावर चढून खिडकी रंगवायला घेतली. तेवढ्यात फोन वाजला. त्यांचे हात बरबटलेले, म्हणून बायकोने उचलला. पलीकडे साहेब होते, आणि साहेबांना इंग्रजीची भारी हौस.

"हाऊ इज ही?"

बायकोने नवऱ्याकडे नीट पाहिलं. "ही इज पेंटिंग द विंडो, सर."

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली.

"नाऊ ही इज शेकिंग हिज हेड."

मास्तरांनी कोपरापासून हात जोडले. तेही तिने सांगितलं. घाईघाईने उतरताना त्यांचा पाय रंगाच्या डब्यात गेला.

"ही इज स्टँडिंग इन द पेंट, सर."

"अच्छा. मग मागच्या महिन्यात पाठ धरली होती, तेव्हा?"

बायकोने क्षणभर विचार केला. हे तर नेहमीचंच. "ही ऑलवेज पेंट्स ऑन सिक लीव्ह."

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी फार स्वच्छ आहे हो. कुणी शिकवलं?"

"ह्यांनीच."

फोन ठेवल्यावर मास्तर रडकुंडीला आले. "अगं, जरा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पदरचं घालायचं नाही, तुम्हीच म्हणालात ना?" ती म्हणाली आणि पुसायला फडकं आणून दिलं.

पुढे साहेबांनी बाहेरच्यांचीही परीक्षा घेऊन ती खुर्ची भरली. आता तिथे मास्तरांची बायको बसते. मास्तर तिची पत्रं पाकिटात घालतात, तिकिटं चिकटवतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हळूच सांगतात, "शिकवणी आमचीच हं."