मोराची मान

'चालतंय की' म्हणत ज्यांनी या देशाची वाट लावली, त्यांना मी कधीच माफ करणार नाही. इंडोनेशियात, क्लातेनच्या माझ्या सासुरवाडीतही तेच. मेहुणीचं लग्न, मांडवाचा ट्रक अंगणात यायचा, म्हणून लोखंडी फाटक काढायचं होतं. बिजागऱ्या गंजून बसलेल्या. ते फाटक सासऱ्यांनी स्वतः जोडलेलं. वरच्या बिजागरीला लागूनच मान वळवलेला मोर. सासरे गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी तो मोर पुसायच्या.

"फक्त बिजागऱ्या कापा, जावईबापू. लग्न झालं की फाटक परत बसवायचंय," त्या म्हणाल्या.

"शेजारचं लोखंड कापायचं छोटं ग्राइंडर आणा ना," माझी बायको निंग्रुम म्हणाली.

"खेळणी नकोत. कामाला अवजार लागतं." (मी समाजशास्त्र शिकलो, पण ठामपणा सगळ्याच शाखांत शिकवतात.)

मी बावीसशे वॅटचं, वायरवालं, दोन्ही हातांनी धरायचं धूड आणलं. दुकानदार बॅटरीवालं दाखवत होता. मला त्याची कीव आली.

घराला वीज मिळते नऊशे वॅट. बटण दाबलं आणि मीटरचा खटका पडला. भाताचे कुकर, पंप, पंखे, सगळं गप्प. स्वयंपाकाला जमलेल्या गल्लीतल्या बायका हातात झारे घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं गं?" शेजारच्या सुमियेम मावशींनी विचारलं.

"हे कामाला लागलेत," निंग्रुम म्हणाली.

मग मावशींच्या घरातून वायर घेतली. त्यांचीही वीज गेली. (त्यांच्या घरी तेव्हा दुसरा भात शिजत होता.) शेवटी मशिदीतून वायर ओढली. तिथे वीज भरपूर.

आता यंत्र खरोखर सुरू झालं, आणि त्याची ताकद आधी माझ्या मनगटांना कळली. चाक बिजागरीवरून उसळलं. सोडून द्यावं, तर मी घाबरून मूठ आणखी आवळली. बटण त्याच मुठीत. मोराची मान माझ्या चपलेपाशी येऊन पडली. बिजागरी होती तशीच.

सासूबाईंनी ती मान ओढणीत धरून उचलली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"याचा डोळा करताना त्यांचा चष्मा फुटला होता," एवढंच म्हणाल्या.

माझ्याकडे भाषणं पुष्कळ आहेत. मी वायर गुंडाळायला घेतली.

सुमियेम मावशींनी सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"मशीन दुकानवाला परत घेईल गं. जावयाचंही तेवढं विचारून बघ."