दार अडकलं नव्हतं

सकाळी साडेआठला मिस्त्रीने अंतराळयानाच्या दारावरून शेवटचा हात फिरवला आणि खिशातून एक छोटी पितळी पाटी काढून दाराच्या आतल्या अंगाला, अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, दोन स्क्रूंनी बसवून टाकली. पाटीवर लिहिलं होतं, ‘घडण : मिस्त्री’. आजूबाजूला कोणी पाहिलं नाही ना, याची खात्री करून तो उठला आणि काहीच केलं नसल्यासारखा तोंडाने शीळ वाजवत चहा प्यायला गेला.

‘परतीची कक्षा’ या मालिकेत हे दार तीन वर्षं काम करत होतं. मिस्त्रीच्या मते कप्तानापेक्षा चांगलं. मालिका पाहणाऱ्यांना वाटायचं की दार आपोआप उघडतं. प्रत्यक्षात खोट्या भिंतीच्या मागे मिस्त्री एका स्टुलावर बसून दोर ओढायचा, आणि समोरच्या स्टुलावर बसलेला त्याचा दोस्त रंगारी दोराच्या दुसऱ्या टोकाला ढील द्यायचा. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने सोडायचं, की दोन्ही फळ्या मऊपणे भिंतीत शिरत. बावीस वर्षं दोघे मिळून काम करत होते आणि भविष्यातली सगळी यंत्रं या दोन स्टुलांवरून चालत होती.

फक्त एक गोष्ट मिस्त्रीच्या जिव्हारी लागली होती. पहिल्याच भागात यानाला आग लागते, कप्तान घाबरतो आणि आपल्या जिवलग इंजिनिअरला आतल्या खोलीत सोडून पळतो. नंतर सगळ्यांना सांगतो, “मी काय करणार? दार अडकलं!” कथेत हे कप्तानाचं खोटं होतं, पण मिस्त्रीला ते सहन होईना. “माझं दार? अडकलं?” असं म्हणत तो त्या रात्री जेवला नव्हता. त्यानंतर शंभर भागांत कप्तानाने ते खोटं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि शंभर वेळा मिस्त्री भिंतीमागे ‘खोटं!’ असं पुटपुटला.

आज शेवटचा भाग होता. आज कप्तान त्या दारासमोर उभा राहून सगळ्या जगासमोर कबूल करणार होता, “दार अडकलं नव्हतं. मीच उघडलं नाही.” त्यावर दार उघडायचं, आणि आगीतून वाचलेल्या इंजिनिअरने बाहेर येऊन त्याला माफ करायचं. त्यातही मोठी गोष्ट म्हणजे, हा भाग मिस्त्रीची मुलगी दिग्दर्शित करत होती. आयुष्यातला तिचा पहिलाच भाग! सहा वाजता सेट मोडायला माणसं येणार होती. तोवर प्रसंग झाला नाही, तर तो गाळून मालिका संपवायची, असं व्यवस्थापकाने तिला बजावलं होतं.

मिस्त्रीचा ऊर नुसता भरून आला होता. त्याने बायकोलाही बोलावून सेटच्या कडेला, भिंतीमागचंही दिसेल अशा एका खुर्चीत बसवलं होतं. शिवाय उद्या हे दार वाहिनीच्या कचेरीत दर्शनी भागात कायमचं उभं राहणार होतं. म्हणून तर ती पाटी.

“मिस्त्री, तयार?” दुपारी मुलीने विचारलं. कामावर बाबा म्हणायचं नाही, असा तिचा नियम होता.

“तयार, मॅडम!” मिस्त्री गरजेपेक्षा बराच मोठ्याने म्हणाला. दिवसभरात तो हे ‘मॅडम’ तीस वेळा तरी म्हणाला होता, आणि दर वेळी बायकोकडे बघून.

कप्तान दारासमोर उभा राहिला. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला आणि खरंच काळजाला हात घालणाऱ्या आवाजात म्हणाला, “दार अडकलं नव्हतं. मीच उघडलं नाही.”

मिस्त्रीने दोर ओढला. दार चार बोटं उघडलं आणि अडकलं.

काय झालं ते त्याला त्याच क्षणी कळलं. फळी आणि भिंत यांच्यातली फट दोन सूत, पाटी एक सूत, हा हिशोब त्याने सकाळी चोख केला होता. स्क्रूची डोकी मात्र हिशोबात धरली नव्हती. मुलाच्या बारशाला जाऊन मुलाचंच नाव विसरावं, तशातली ही चूक होती.

“काय झालं?” व्यवस्थापक ओरडला. “दार अडकलं का?”

नेमके हेच शब्द. मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या तोंडून निघून गेलं, “दार नाही अडकलं! ढील मिळाली नाही!”

रंगाऱ्याने आपल्या हातातल्या दोराकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे पाहिलं. 

दुसऱ्या वेळी रंगाऱ्याने दोर हातातून पूर्ण सोडून दिला आणि दोन्ही तळहात वर करून दाखवले, की बघा बुवा, आता तरी मी धरलेला नाही. मिस्त्रीने जिवाच्या आकांताने हिसका मारला. दार हललं नाही, पण भिंत हलली. सगळं अंतराळयान डावीकडे कललं आणि मागचा तारे लावलेला काळा पडदा सुटून कप्तानाच्या डोक्यावर आला. पश्चात्तापाने वाकलेला कप्तान आता आकाशगंगा दोन्ही हातांनी पेलून उभा होता.

“मिस्त्रीकाका, लवकर करा, दिवे तापलेत,” तो पडद्याखालून म्हणाला.

तिसऱ्या वेळी व्यवस्थापकाच्या आज्ञेवरून दाराच्या खाली तेल सोडलं. दार होतं तिथेच राहिलं. तेल मात्र वाहत पुढे आलं आणि “दार अडकलं नव्हतं” म्हणताना कप्तानाचा पाय सटकला. तो बसल्या बसल्या घसरत येऊन दारावर आपटला. त्या धक्क्याने दार उघडलं होतं तेवढंही मिटत आलं, फक्त दोन बोटांची फट राहिली.

“मी आत आहे बरं का,” फटीतून इंजिनिअरचा आवाज आला. डोक्यावर काचेचं शिरस्त्राण असल्यामुळे तो विहिरीतून बोलल्यासारखा वाटत होता. “मागून बाहेर काढता का मला?”

मागून बाहेर काढणं शक्य नव्हतं. दुसरा कोणी असता तर कॅमेऱ्याला न दिसणारी मागची बाजू उघडीच ठेवली असती. मिस्त्रीने तिथेही जाड प्लाय ठोकून, वर आडव्या पट्ट्या मारून खोली भक्कम बंद केली होती. “काम म्हणजे काम,” असं तो तेव्हा सगळ्यांना सांगत फिरला होता.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलगी डोक्याला हात लावून बसली होती. रडायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा झाला होता. मिस्त्रीने तो चेहरा ओळखला. सायकल शिकताना गुडघा फुटला होता तेव्हा तो असाच दिसला होता, आणि तेव्हाही सायकलची सीट मिस्त्रीनेच सैल ठेवली होती. दोष त्याने रस्त्याला दिला होता.

“पुरे झालं,” व्यवस्थापक रंगाऱ्याला म्हणाला. “तुमचे हात आता थरथरतात. तुम्ही घरी जा. दोर दुसऱ्याला द्या.”

रंगारी उठला. त्याने दोर नीट गुंडाळून स्टुलावर ठेवला आणि रुमालाने हात पुसले. जाता जाता तो मिस्त्रीपाशी थांबला.

“बावीस वर्षं मी ढीलच देत आलोय रे,” तो हळू आवाजात म्हणाला. “आजच कशी दिली नाही, ते मलाही कळेना.”

मिस्त्री मान खाली घालून बसला. बायको खुर्चीतून त्याच्याकडेच बघत होती. घरचं कपाट अकरा वर्षं अडकत होतं आणि अकरा वर्षं मिस्त्री त्याचा दोष दमट हवेला देत होता. त्यामुळे ही नजर त्याच्या ओळखीची होती.

“शेवटची वेळ,” मुलगी म्हणाली. “दार उघडलं तर उघडलं. कॅमेरा फक्त कप्तानाच्या चेहऱ्यावर ठेवा. काही झालं तरी थांबवायचं नाही.”

तेलाने माखलेला कप्तान पुन्हा उभा राहिला. आता त्याच्यात अभिनय करण्याचं त्राणच उरलं नव्हतं, म्हणून तो अगदी साधेपणाने बोलला. “तो मला हाक मारत होता. मला ऐकू येत होती. आणि मी सगळ्यांना सांगितलं, की दार...”

पुढचं वाक्य मिस्त्रीने तीन वर्षं वाट पाहिलेलं वाक्य होतं. पण ते त्याला ऐकवेना.

“अडकलंय!” तो भिंतीमागून ओरडला. “दार अडकलंय! माझ्यामुळे अडकलंय! रंगाऱ्याची काही चूक नाही, त्याने ढील दिली होती, दर वेळी दिली होती. मीच आतून पाटी ठोकली माझ्या नावाची. स्क्रूची डोकी नाही धरली हिशोबात. आणि दुपारपासून खोटं बोलतोय मी. चूक माझी आहे!”

 कप्तान जागच्या जागी खिळला. स्टुडिओच्या दारापर्यंत गेलेला रंगारी मागे वळला. मिस्त्री घाम पुसत भिंतीमागून बाहेर आला, दारासमोर गुडघे टेकून बसला आणि खिशातला पेचकस त्याने फटीतून आत सरकवला.

“इंजिनिअरसाहेब,” तो पडेल आवाजात म्हणाला, “खाली तुमच्या डाव्या हाताला, कोपऱ्यात दोन स्क्रू दिसतील बघा.”

“दिसतायत की,” आतून आवाज आला. “दुपारपासून दिसतायत. नऊ वेळा वाचून झाली तुमची पाटी.”

“मग बोललात का नाही?”

“म्हटलं, वडीलधारा माणूस. चारचौघांत आपण कशाला सांगा? सांगायचं असेल तर तो स्वतःच सांगेल.”

दोन मिनिटांनी फटीतून पाटी बाहेर आली. ती रंगाऱ्याने उचलली आणि नाकाला लावून पाहिली. “अरे, ही अक्षरं तर मी काढलीत! घराच्या दाराला हवी म्हणालास ना?”

“म्हणालो होतो,” मिस्त्री म्हणाला. “तेही खोटंच. माफ कर रे.”

रंगाऱ्याने थोडा वेळ पाटीकडे पाहिलं, ती आपल्या खिशात घातली आणि सरळ जाऊन आपल्या स्टुलावर बसला. “ओढ आता,” तो म्हणाला. “सहा वाजतायत.”

सहाला सात मिनिटं कमी असताना कप्तानाने कबुली दिली, मिस्त्रीने ओढलं, रंगाऱ्याने सोडलं, आणि दार लोण्यासारखं उघडलं. इंजिनिअर बाहेर आला आणि त्याने कप्तानाला मिठी मारली. दुपारपासून कोंडलेला असल्यामुळे ती सुटकेची मिठी अस्सल होती. मुलगी धावत आली. मिस्त्रीने “झालं ना मॅडम?” असं विचारायला तोंड उघडलं, तर तिने सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, “बाबा!” मिस्त्रीला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तो कुठल्याही पाटीवर मावला नसता.

महिन्याभराने तो भाग लागला. मिस्त्रीच्या घरी रंगाऱ्यासकट सगळे जमले होते. मुलीने एक करामत केली होती. मिस्त्री भिंतीमागून ओरडत असताना ऐकणाऱ्या कप्तानाचा चेहरा तिने जसाच्या तसा वापरला होता. दुसऱ्या दिवशी सगळे लोक म्हणणार होते, की माणसाचं मन उलगडताना असा चेहरा पडद्यावर पाहिला नाही. प्रत्यक्षात कप्तान त्या वेळी हसू दाबत होता, पण ते त्याने फक्त मिस्त्रीला सांगितलं होतं.

पडद्यावर कप्तान म्हणाला, “दार अडकलं नव्हतं.”

सगळे मिस्त्रीकडे बघू लागले. हे ऐकायला त्याने तीन वर्षं काढली होती. तो खुर्चीत ताठ बसला, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “अडकलं होतं. मीच अडकवलं होतं.” कप्तानाने सुद्धा एवढ्या रुबाबात कबुली दिली नव्हती. रंगाऱ्याने टाळ्या वाजवल्या, मुलीनेही वाजवल्या.

बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, “आणि कपाट?”

“कपाटाचं काय, ते हवेमुळे...” मिस्त्री सवयीने बोलून गेला आणि थांबला. रंगारी छताकडे बघत होता. मुलगी अजिबात न हसता बघत होती.

मिस्त्री उठला आणि आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून रंधा चालल्याचा आवाज येऊ लागला. रंगारी उठून त्याच्या मागोमाग गेला. त्याच्या खिशात ती पाटी होती. महिन्याभरापूर्वीच त्याने तिच्यावर ‘घडण : मिस्त्री’च्या खाली ‘ढील : रंगारी’ अशी दुसरी ओळ काढून ठेवली होती. स्क्रू मात्र या वेळी त्याने सपाट डोक्यांचे आणले होते.