चौकटीवरची थाप

वानखडे गुरुजी कुठल्याही खोलीत शिरताना आधी चौकटीवर पंजाने दणकन थाप मारायचे. खोली रिकामी असो, नाहीतर आत साहेब बसलेले असोत! वर्ध्याला मास्तरकीचं शिक्षण घेणारे आम्ही टोणगे त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. चौकटी खिळखिळ्या झाल्या त्या आमच्यामुळे.

दुसरं खूळ कापसाचं. टकळीवर कातायला ठेवलेला कापूस गुरुजी आमच्या कानात कोंबायचे, फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचे आणि वळून विचारायचे, "काय सांगतलं म्या?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. "काऊन बे, ढ हायेस का?" असं म्हणून उभं करायचे. शेवटी ठरलेलं वाक्य, "मास्तरा, आंधी दिसजो, मंग बोलजो!"

माझा परीक्षेचा पाठ झकास झाला. फळ्यावर धाम नदीचा नकाशा काढता काढता अशी गोष्ट रंगवली की शाळेतली पोरं डोलायला लागली. गुरुजींनी नापास केलं.

"मांगच्या पोरीले आयकू येत नाई. तू फयाशीच बोलून राह्यला, तिनं काय पाह्यचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाकडे देवळीत बापाने 'पोरगा मास्तर झाला' म्हणून आधीच पेढे वाटले होते. संध्याकाळी भांडायलाच त्यांच्या घरी गेलो. गुरुजी नुकते बाजारातून येत होते. पिशवी सावरत त्यांनी स्वतःच्याच चौकटीवर थाप मारली. आतून कोणी आलं नाही.

"घरी कोणी आहे का, गुरुजी?"

"नाई रे. शांता होती, माई पोरगी. या चौकटीले पाठ लावून बसे. थाप मारली का तिले पाठीत समजे, बाबा आला. मांगं वयून हासे." मग खाली बघत म्हणाले, "मायाच वर्गात होती. ढ म्हणून रोज उभी ठेवे मी तिले. बहिरी हाय हे बापाले उशिरा समजलं. मंग तापात गेली."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"उद्या पाठ पुन्हा घेजो," ते म्हणाले. "त्या मांगच्या पोरीकडे पाहून."

निघताना चौकट पाहिली. नवा रंग दिलेला होता. फक्त खाली, बसलेल्या पोरीचं डोकं टेकेल तिथे, तेलाचा काळपट डाग होता. तेवढी जागा गुरुजींनी रंगवली नव्हती.